चार झेंडे आणि एक दप्तर: महादजींचा डिबॉईन

घाटवाट (धागाकर्ता)

शाळेत महादजी शिंद्यांच्या धड्यात एक ओळ हमखास असायची: डिबॉईन नावाच्या फ्रेंच लष्करी तज्ज्ञाकडून त्यांनी कवायती फौज तयार करून घेतली. एका गुणाच्या प्रश्नापुरता भेटलेला हा माणूस पुढे बहुतेकांना पुन्हा दिसत नाही. मध्यंतरी इथे लाखेरीच्या लढाईवरून (१७९३, शिंदे विरुद्ध होळकर) हमरीतुमरी झाली, तेव्हा त्याचं नाव निघालं आणि 'पैशासाठी लढणारा' म्हणून दोन ओळींत त्याचा निकाल लागला. पैशासाठी लढत होता हे खरंच आहे. पण तो पैसा कसा हिशेबात बसवला, हीच त्याची खरी करामत होती असं माझं मत झालंय. म्हणून हा वेगळा धागा.

जन्माने तो फ्रेंच नव्हता. मार्च १७५१ मध्ये शांबेरी गावात जन्म. गाव सॅव्हॉय प्रांतातलं, आणि सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे. फ्रान्सने तो प्रांत १७९२ मध्ये गिळला, १८१५ नंतर सोडला आणि १८६० मध्ये कायमचा घेतला. बाप केसाळ कातड्यांचा व्यापारी. पोराला दुकानात रस नव्हता. सतराव्या वर्षी तो घराबाहेर पडला आणि फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत असलेल्या आयरिश पलटणीत भरती झाला. म्हणजे सॅव्हॉयचा पोरगा, फ्रान्सचा पगार, आयरिश अधिकारी. तिथून मॉरिशस आणि परत. बढती दिसेना म्हणून ती चाकरी सोडून रशियाच्या झेंड्याखाली तुर्कांशी लढायला गेला. १७७४ मध्ये टेनेडोस बेटाजवळ तुर्कांच्या हाती सापडला, कैदेत राहिला, सुटला. इजिप्तमार्गे १७७८ मध्ये मद्रासला उतरला आणि कंपनीच्या देशी पायदळात अगदी तळाचा अधिकारी झाला. हा तिसरा झेंडा. १७८० मध्ये हैदरने पोल्लिलूरला कंपनीची फौज कापून काढली, तेव्हा हा दुसऱ्या कामावर असल्यामुळे वाचला. इथेही वर चढायची आशा दिसेना, तशी ही नोकरीही सोडली.

आता गंमत बघा. या सगळ्या काळात त्याच्या गाठीला भांडवल काय? शिफारसपत्रं. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज उमरावाने वॉरन हेस्टिंग्जला लिहिलेलं पत्र, मग हेस्टिंग्जचं लखनौसाठी पत्र. लखनौत क्लॉद मार्तिन भेटला (तोच, ज्याच्या नावाची ला मार्टिनियर शाळा आजही आहे). तिथे डिबॉईनने फारसी आणि हिंदुस्थानी शिकून घेतली. आज एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत उडी मारताना आपण जुन्या साहेबाचं पत्र जोडतो, तसाच प्रकार.

आणि ही पत्रंच महादजींच्या माणसांनी लुटली! महादजी तेव्हा ग्वाल्हेरला वेढा घालून बसले होते आणि किल्ला गोहदच्या राण्याकडे होता. डिबॉईन तिकडून जात असताना त्याचं सामान पळवलं गेलं. चरित्रकार सांगतात की हे महादजींच्या इशाऱ्यावरूनच झालं, कारण हा माणूस कुणाचे कागद घेऊन फिरतोय हे त्यांना बघायचं होतं. चिडलेल्या डिबॉईनने राण्याला निरोप धाडला: मला पैसे द्या, पलटणी उभ्या करतो आणि हा वेढा मोडून दाखवतो. राण्याने पैसे काही दिले नाहीत. उलट महादजींना धाक बसावा म्हणून त्यानेच ही बातमी बाहेर फोडली. महादजींना धाक बसला नाही, पण माणूस कामाचा आहे हे कळलं. १७८४ मध्ये त्यांनी त्याला साडेआठशे-साडेआठशेच्या दोन पलटणी उभ्या करायला सांगितलं. स्वतःला महिना हजार रुपये, आणि प्रत्येक शिपायामागे आठ रुपये. शिपायाला तो साडेपाच द्यायचा. उरलेल्यातून अधिकारी, दारूगोळा, इतर खर्च.

हे साडेपाच वेळच्या वेळी मिळत. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचं अर्धं यश इथे आहे. लालसोटला, १७८७ च्या जुलैत, महादजींच्या बाजूच्या मोगली पलटणी थकलेल्या पगारापायी तोफांसह उठून जयपूरवाल्यांकडे गेल्या. डिबॉईनच्या दोन पलटणी जागच्या हलल्या नाहीत आणि माघार घेतानाही विस्कटल्या नाहीत. पुढच्या वर्षी चकसाना आणि आग्रा इथल्या लढाया. आग्र्याला राणाखानभाई सेनापती होते. होय, पानिपतावर जखमी महादजींना वाचवणारा भिश्ती तोच. त्यानंतर आणखी पलटणी वाढवण्यावरून बिनसलं आणि डिबॉईन चक्क नोकरी सोडून लखनौला गेला, मार्तिनबरोबर नीळ आणि कापडाचा धंदा करायला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावलं ते दहा पलटणींचं कंपू उभारायला. त्याच साली राजपुतान्यात दोन लढाया: २० जूनला पाटण, १० सप्टेंबरला मेडता. १ जून १७९३ ला लाखेरी. तोवर दुसरं कंपू झालं होतं, तिसरं त्यानंतर झालं.

बाकीचं प्रतिसादांत.

---

गोदाकाठ

वाचतेय. धाग्याच्या नावात दप्तर आहे, पण ते आहे कुठे आणि कोणत्या भाषेत? आपल्याकडच्या सरदारांची दप्तरं रद्दीत, वाळवीत आणि भाऊबंदकीत गेली. याचं कसं टिकलं?

घाटवाट

शांबेरीतच. डिबॉईनच्या घराण्याने जपलं. फ्रेंच आहे, इंग्रजी आहे, आणि फारसीही आहे, कारण उत्तर हिंदुस्थानात दरबारी व्यवहार फारसीत चालायचा. क्लॉद मार्तिनने लिहिलेली पत्रं त्यात आहेत. शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि पुढे पुण्याला रेसिडेंट म्हणून आला तो विल्यम पामर, त्याचीही आहेत. रणभूमीची वर्णनं शोधायला गेलात तर थोडा हिरमोड होईल. पैसे कुठे गुंतवायचे, कोणाकडे किती अडकलेत, कोण आजारी आहे, विलायतेला काय पाठवायचं, असल्या गोष्टी जास्त. मला तेच आवडतं. लढाई जिंकल्याच्या बढाया सगळेच मारतात. डिबॉईननेही मारल्या, पाटणच्या विजयाचं त्याचं पत्र कलकत्त्याच्या वृत्तपत्रात छापून आलं होतं.

टपालपेटी

म्हणजे १७९० मध्येही स्वतःची जाहिरात स्वतःच करावी लागायची. बरं वाटलं.

सरदार_नव्हे

लेख छान, पण आरती जरा जास्त झाली. दोन गोष्टी तुम्ही लिहिल्याच नाहीत.

एक. महादजींची चाकरी पत्करतानाच त्याने अट घातली होती की कंपनीविरुद्ध आपण हत्यार उचलणार नाही. हिंदुस्थानातली सर्वांत चांगली फौज तुम्ही अशा माणसाच्या हाती देता, जो तुमच्या सर्वांत मोठ्या शत्रूशी लढणारच नाही. याला दूरदृष्टी म्हणायचं?

दोन. जाताना तो सुमारे चार लाख पौंड घेऊन गेला असं सांगतात. स्वतःच्या अंगरक्षकांचा रिसालासुद्धा जाता जाता कंपनीला विकला! घोडे, माणसं, सगळं. शिपायाला साडेपाच आणि साहेबाला चार लाख पौंड. हिशेबाचं कौतुक करायचं तर तोही हिशेब मांडा.

कागदकिडा

@सरदार_नव्हे, अटीचं म्हणणं बरोबर आहे, पण ती अट महादजींना माहीत होती. लपवून ठेवलेली नव्हती. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रजांशी तूर्त भिडायचं नाही हे महादजींचंही धोरण होतं. त्यांना फौज हवी होती ती दिल्ली, राजपुताना आणि त्यांच्याशी लढणारा मोगल सरदार इस्माईल बेग याच्यासाठी. त्या कामाला ती पुरली. पुढच्या कामाची तजवीज करायला ते स्वतः राहिले नाहीत. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीत गेले.

पैशांबद्दल. घाटवाट यांनी पगाराचं लिहिलं, पण पगार वेळेवर यायचा कुठून, ते राहिलं. महादजींची तिजोरी कायम कोरडी, पुण्याशी त्यांचा अर्धा पत्रव्यवहार पैशांचाच. त्यावर तोडगा म्हणून दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी थेट डिबॉईनकडे लावून दिला. अलीगढजवळ कोईलला ठाणं. वसुली तोच करणार, पगार त्यातून वाटणार, आणि वसुलीवर शेकडा दोन त्याचं स्वतःचं. त्याची संपत्ती मुख्यतः इथली, लुटीची कमी. त्या काळच्या मामलतदारीच्या मानाने शेकडा दोन म्हणजे मी तर सोज्वळ म्हणेन.

आणि कवायती पायदळ मराठ्यांना नवं नव्हतं. पानिपतावर इब्राहिमखान गारदी होताच, फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. लालसोटला फुटलेल्या पलटणीही कवायतीच होत्या. फरक बंदुकीत नव्हता, पहिल्या तारखेत होता.

सरदार_नव्हे

पहिल्या तारखेचं पटलं. पण सरदारीच्या मुलखाचा सारा परक्याच्या हाती दिला की राज्य कुणाचं उरतं, याचं उत्तर १७९५ नंतर मिळालं. त्यावर नंतर येतो.

आल्प्सकर

मी ग्रेनोबलला राहतो, शांबेरी इथून रेल्वेने तासाभराच्या आत. गावाच्या मधोमध डिबॉईनचं स्मारक आहे: उंच खांबावर त्याचा पुतळा आणि खाली चारी दिशांना तोंड करून चार हत्ती, सोंडांतून पाणी. १८३८ चं काम, शिल्पकार सॅपे. हत्तींचे फक्त पुढचे अर्धे भाग आहेत, मागचा भाग खांबात गेलाय. त्यामुळे गावकरी त्यांना 'बिनढुंगणाचे चौघे' म्हणतात. हे मी बनवून सांगत नाहीये, पर्यटन खात्याची माणसंही हसत हसत हेच सांगतात.

तिथून किल्ल्याकडे जाणारा कमानींचा रस्ता आहे, त्यालाही त्याचंच नाव. इस्पितळं, अनाथ आणि वृद्धांसाठी संस्था, गावात त्याने भरपूर पैसा ओतला. एका फ्रेंच सहकाऱ्याला मी सांगितलं की हा पैसा अलीगढच्या शेतसाऱ्यातून आला. त्याला वाटत होतं की हत्ती आहेत म्हणजे आफ्रिकेचं काहीतरी असणार.

पिंपळपान

या दप्तराच्या बाबतीत मला सर्वांत ओढणारी गोष्ट कुणी काढलीच नाही. डिबॉईनची हिंदुस्थानी बायको.

तिचं नाव नूर बेगम, हलीमाही म्हणत. दोन मुलं, बानू आणि अली बक्ष. १७९६ च्या अखेरीस तो निघाला तेव्हा ही तिघं बरोबर होती. १७९७ मध्ये इंग्लंडला पोचल्यावर मुलांची नावं अ‍ॅन आणि चार्ल्स अलेक्झांडर झाली, हलीमाची हेलन बेनेट झाली. आणि १७९८ मध्ये साहेबाने लंडनमध्ये सतरा वर्षांच्या फ्रेंच उमरावकन्येशी, आदेल दोस्मोंशी, लग्न केलं. स्वतः सत्तेचाळिशीत. ते लग्न टिकलं नाही. आदेलने पुढे आठवणी लिहिल्या, त्यांत नवऱ्याचं जे काही केलंय ते वाचून कुणालाही त्याची दया येईल.

हलीमा मात्र इंग्लंडमध्येच राहिली, ससेक्समध्ये हॉर्शमजवळ. त्याच्याकडून तिला खर्चाला पैसे मिळायचे. १८५३ मध्ये वारली. उत्तर हिंदुस्थानातून निघालेली बाई अर्धशतकाहून जास्त काळ इंग्लंडमध्ये राहिली. लोक तिला 'काळी राजकन्या' म्हणत. मुलगी तरुणपणीच गेली. मुलगा शांबेरीला बापाकडे गेला, तिथल्या उमराव घराण्यात त्याचं लग्न झालं, आणि १८३० मध्ये डिबॉईन वारल्यावर काउंट ही पदवी, वाडा, सगळं त्याच्याकडे आलं.

म्हणजे गोदाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दप्तर टिकलं ते अली बक्षच्या वंशाकडे. आदेलला मूल नव्हतं. हा पोरगा नसता तर कागद कुणाच्या हाती गेले असते?

गोदाकाठ

हे माहीतच नव्हतं. आणि इतक्या वेळ आपण 'त्याने जपलं', 'घराण्याने जपलं' म्हणतोय.

टपालपेटी

महादजींनी पत्रं लुटून सुरुवात केली, हिंदुस्थानी बाईच्या मुलाने जपून शेवट केला. फिटंफाट.

मोडीवाचक

आपल्या बाजूच्या कागदांबद्दल थोडं. शिंद्यांच्या उत्तरेतल्या कारभारासाठी कोट्याचं गुलगुले दप्तर महत्त्वाचं. लालाजी बल्लाळ गुलगुले शिंद्यांचे तिथले वकील. दिल्लीच्या बाजूने हिंगण्यांचं दप्तर. या मोडी पत्रांत फिरंगी पलटणींचे उल्लेख येतात ते कूच, मुक्काम, दाणागोटा, तनखा यांच्या ओघात. कौतुक शोधू नका, सापडणार नाही. कारकुनाला फौजेचं कौतुक नसतं, खर्च असतो.

दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत. लाखेरीचंच घ्या. विलायती वर्णनात ती डिबॉईन विरुद्ध द्युद्रनेक अशी दोन युरोपियनांची लढाई होते, कारण तुकोजी होळकरांच्या चार कवायती पलटणी द्युद्रनेककडे होत्या. डिबॉईनच्या दारूगोळ्याच्या गाड्या मध्येच उडाल्या, तरी फळी मोडली नाही, त्याने स्वतः ही आपली सर्वांत चिवट लढाई म्हटली, वगैरे. मराठी बाजूने तीच लढाई म्हणजे शिंदे-होळकरांचं घरचं भांडण. गोपाळराव भाऊ आणि लखबादादा शिंद्यांकडून उभे, महादजी स्वतः तेव्हा पुण्यात, नाना फडणिसांशी हिशेबावरून घासाघीस करत बसलेले. एका लढाईत होळकरांच्या पलटणी बुडाल्या त्याचं दुःख पुण्याला किती झालं आणि सुटकेचा निःश्वास किती, हे मोडी पत्रं वाचल्याशिवाय कळत नाही.

मेडत्याचंही तसंच. त्याचा एक हाताखालचा अधिकारी हुकूम नसताना पुढे घुसला, राठोडांनी त्याला झोडपलं, मग राठोड घोडदळ उरलेल्या फौजेवर तुटून पडलं आणि डिबॉईनने चौकोन बांधून ते झेललं. केशरी बाणा चढवून आलेले राठोड पुन्हापुन्हा त्या चौकोनावर आदळत राहिले. हे सगळ्या पुस्तकांत आहे. चौकोनात उभे होते ते शिपाई कोण, हे फार थोड्या ठिकाणी.

कागदकिडा

ते अवध, रोहिलखंड, दुआबातले. काही पलटणी पठाण नजीबांच्या (तोडेदार बंदूकवाल्यांच्या). मराठी माणसं त्या पायदळात नावालाच. आपल्या लोकांना घोडा सोडून खांद्यावर बंदूक टाकून चालणं कमीपणाचं वाटायचं. आणि निशाणावर काय, तर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस! पातशाहीच्या नावाने, पेशव्यांच्या सरदारासाठी, अवधचे शिपाई, सॅव्हॉयच्या निशाणाखाली राठोडांशी लढतायत. यात 'आपली फौज' नक्की कुठली, हे ठरवायला बसलो तर धागा हजारी गाठेल.

सरदार_नव्हे

आता १७९५ नंतरचं. तब्येत ढासळली म्हणून डिबॉईनने त्या वर्षाच्या शेवटी चाकरी सोडली. जागी आला त्याच्याच हाताखालचा फ्रेंच अधिकारी पेराँ. जाताना डिबॉईनने महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांना सल्ला दिला होता की इंग्रजांशी वैर करण्यापेक्षा पलटणी मोडलेल्या परवडल्या. सल्ला प्रामाणिक असेल, पण विचार करा, फौज बांधणाराच सांगतोय की ती वापरू नका.

१८०३ मध्ये काय झालं? कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीर केलं की शिंद्यांकडचे इंग्रज अधिकारी निघून आले तर त्यांची सोय लावू. अधिकारी गेले. ४ सप्टेंबरला अलीगढ पडलं, आणि दरवाज्यापर्यंत वाट दाखवणारा ल्युकन हा शिंद्यांच्याच चाकरीतून फुटलेला अधिकारी. पेराँ त्याच सुमारास इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईला पायदळ पोलमान नावाच्या हॅनोव्हरवाल्याच्या हाताखाली. सगळा डोलारा परदेशी खांबांवर होता. यंत्र आणलं, कारागीर घडवला नाही. माझा डिबॉईनवर राग नाही, आपल्यावर आहे.

घाटवाट

तुमचं जवळजवळ सगळं मान्य. फक्त लासवारी त्यात धरा. १ नोव्हेंबर १८०३. युरोपियन अधिकारी निघून गेलेले, आणि त्याच शिस्तीत वाढलेल्या पलटणी तोफांपाशी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. समोरच्या इंग्रज फौजेचा सेनापती जनरल लेकनेच लिहून ठेवलंय की हे लोक सैतानासारखे, किंबहुना वीरांसारखे लढले, आणि यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर काय झालं असतं कोण जाणे. म्हणजे कारागीर घडले होते. त्यांतल्या कुणाला पलटणीचा मुखत्यार केलं नाही, ही खरी चूक. सुभेदाराच्या वर देशी माणूस चढायचा नाही, ही पद्धत डिबॉईनने कंपनीकडून जशीच्या तशी उचलली आणि महादजींनी ती चालू दिली.

त्या सुभेदारांपैकी एकाचंही दप्तर शांबेरीसारखं वाड्यात जपलेलं नाही. जखमी शिपायाला तो भरपाई द्यायचा, निकामी झालेल्याला जमीन लावून द्यायचा, एवढं चरित्रांत येतं. ती जमीन पुढे कंपनीच्या अमलात कुणाकडे राहिली, यावर दुआबच्या महसुली कागदांत कुणी काम केलं तर मला वाचायला आवडेल.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. तोफा कुठून यायच्या? विकत?

कागदकिडा

काही जिंकलेल्या, पण बऱ्याच घरच्या. आग्र्याला ओतशाळा होती, तिथे सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतायचा. हा आधी गोहदच्या राण्याकडे होता. डिबॉईनने महादजींना धडा शिकवायला ज्या राण्याकडे निरोप धाडला होता, तोच राणा. पुढे दोघेही महादजींच्या पगारावर आले. सँगस्टरवर माझ्याकडे आणखी मजकूर आहे, पण तो इथे घुसडत नाही, वेगळा धागा काढतो.